चार आयपॅड, १६० प्रकार

२०२५ संपताना अ‍ॅपलच्या यादीत आयपॅडची चारच नावं होती: साधा आयपॅड, मिनी, एअर आणि प्रो. चार म्हणजे काही फार नव्हेत. पण वही-पेन घेऊन मोजायला बसलं की आकडा फुगत जातो. साध्या आयपॅडला साठवणुकीची तीन मापं, नुसतं वाय-फाय की मोबाइल नेटवर्कसुद्धा हा दुसरा प्रश्न, आणि रंग चार; झाले २४ प्रकार. मिनीचंही तेच, २४. एअर दोन आकारांत, साठवणुकीच्या चार मापांत आणि चार रंगांत मिळतो. नेटवर्कचा प्रश्न धरून ते ६४. प्रोला रंग दोनच, पण आकार दोन, मापं चार, आणि १ टीबी किंवा २ टीबीचं मॉडेल घेणाऱ्याला चकाकी कमी करणारी खास काच हवी की नको हेही सांगावं लागतं, ते ४८. एकूण १६०. यात पेन्सिली आणि कीबोर्ड धरलेले नाहीत.

एका कंपनीने एकाच वस्तूचे एवढे प्रकार काढावेत का, हा वाद बरीच वर्षं चालू आहे. तंत्रज्ञानावर लिहिणारे बरेच जण म्हणतात, फार झालं. अर्थशास्त्राच्या अंगाने पाहणारे म्हणतात, धंदा असाच चालतो. मानसशास्त्रज्ञांचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत एकदा चांगलंच बदललं आहे. आणि ज्या आईवडिलांना मुलीच्या अ‍ॅडमिशनबरोबरच टॅबही घ्यायचा आहे, त्यांना हे सगळं वाचायला वेळ नसतो. काउंटरवरचा मुलगा जे दाखवेल त्यातून ते निवडतात. मला काळजी आहे ती त्यांची. महिन्याच्या पगाराएवढी, कधी त्याहून मोठी रक्कम ते एका वस्तूवर घालतात, आणि ती चुकीची निघाली तर पाच वर्षं चुकीचीच राहते.

२७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा मॉडेल एकच होतं. १६, ३२ किंवा ६४ जीबी, वाय-फाय किंवा थ्रीजी, किंमत ४९९ डॉलरपासून. भारतात तो जानेवारी २०११ मध्ये २७,९०० रुपयांपासून आला. २०१२ मध्ये नवं मॉडेल आल्यावर कंपनीने आयपॅड २ स्वस्त करून ठेवून दिला, आणि इथून यादी लांबायला लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ७.९ इंची मिनी आला. २०१३ मध्ये एअर, २०१५ मध्ये १२.९ इंची प्रो आणि त्याच्याबरोबर पहिली पेन्सिल, २०१७ मध्ये ३२९ डॉलरचा साधा आयपॅड. मधे बाजूला पडलेलं एअर हे नाव २०१९ मध्ये परत आलं आणि आजची चार नावांची चौकट पूर्ण झाली.

या वाटचालीत काही निवडी फक्त नावाच्या होत्या. २०१४ च्या शेवटी दुकानात मिनी २ होता २९९ डॉलरला आणि मिनी ३ होता ३९९ ला. दोघांत फरक काय? मिनी ३ ला बोटाचा ठसा ओळखणारं बटण आणि सोनेरी रंग. आतला प्रोसेसर तोच, पडदाही तोच. शंभर डॉलर जास्त देणाऱ्याला ते बटण आणि तो रंग याखेरीज काहीच मिळत नव्हतं. निवड जास्त आहे अशी तक्रार जेव्हा होते, तेव्हा बहुधा तिच्या मुळाशी असली जोडी असते.

टीकाकार विक्रीच्या आकड्यांकडेही बोट दाखवतात. २०१३ च्या आर्थिक वर्षात ७ कोटी १० लाख आयपॅड विकले गेले. २०१८ मध्ये ४ कोटी ३५ लाख. मधल्या काळात प्रकार वाढले होते. त्यानंतर अ‍ॅपलने नगांचे आकडे जाहीर करणंच थांबवलं. पण प्रकार वाढले म्हणून विक्री घटली, हा निष्कर्ष घाईचा आहे. याच वर्षांत फोनचे पडदे मोठे झाले. २०१४ मध्ये खुद्द अ‍ॅपलचाच आयफोन ६ प्लस आला. शिवाय आयपॅड टिकाऊ निघाला, लोक फोनसारखा दोन-तीन वर्षांनी बदलेनात. आणि घसरण थांबली ती कधी? २०१७ मध्ये स्वस्त साधा आयपॅड आल्यानंतर.

या वादात १९९७ चा दाखला हमखास निघतो. त्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलला १०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला होता. १९९२ पासून ‘परफॉर्मा’ या नावाखाली जवळजवळ सारखेच मॅक वेगवेगळे क्रमांक लावून मोठ्या दुकानांत ठेवले जात होते. कंपनीत परतलेल्या जॉब्ज यांनी चार चौकोन आखले: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचा आणि सोबत नेण्याचा. प्रत्येक चौकोनात एक यंत्र, बाकी बंद. १९९८ मध्ये आयमॅक आला, १९९९ मध्ये आयबुक. आणि १९९८ च्या आर्थिक वर्षातच कंपनीला ३० कोटी ९० लाख डॉलरचा नफा झाला.

हकिकत खरी आहे, पण ती आजच्या आयपॅडला जशीच्या तशी लावता येत नाही. १९९७ मध्ये अख्ख्या अ‍ॅपलची विक्री ७१० कोटी डॉलरच्या आसपास होती. २०२४ च्या आर्थिक वर्षात एकट्या आयपॅडची विक्री २,६६९ कोटी डॉलरची झाली, म्हणजे तेव्हाच्या पूर्ण कंपनीच्या पावणेचार पट. बुडत्या कंपनीने पसारा आवरावा हे बरोबरच. पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकीला चार चौकोनांत बसवा म्हणणं व्यवहाराला धरून नाही. शाळकरी मुलगा, वास्तुरचनेची विद्यार्थिनी, रुग्णांचे अहवाल पाहणारा डॉक्टर आणि विमानाच्या कॉकपिटमध्ये नकाशे उघडणारा वैमानिक यांची गरज एक नाही. १९९७ मधून घ्यायचं ते एवढंच, की कोणतं यंत्र कोणासाठी हे विकणाऱ्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आता मानसशास्त्र. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आता जगभर माहीत आहे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या ड्रेगर्स या दुकानात त्यांनी जॅम चाखायला ठेवले. कधी २४ प्रकारचे, कधी ६. चोवीस असताना जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी ६० टक्के थांबले, पण थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनीच बाटली घेतली. सहा असताना ४० टक्के थांबले आणि त्यांच्यापैकी ३० टक्क्यांनी खरेदी केली. २००४ मध्ये बॅरी श्वार्ट्झ यांच्या पुस्तकाने हा विचार घरोघरी पोचवला: निवड वाढली की माणूस गोंधळतो, आणि निवडल्यावरही समाधानी राहत नाही. आयपॅडची यादी लांबली म्हणणारे आजही याच जॅमच्या बाटल्यांचा आधार घेतात.

पण पुढे काय झालं ते सहसा सांगितलं जात नाही. २०१० मध्ये शायबेहेने, ग्रायफेनेडर आणि टॉड यांनी अशा ५० प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा परिणामाची सरासरी जवळजवळ शून्य निघाली. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी खरेदी घटली, तर काही ठिकाणी वाढली. २०१५ मध्ये अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढे जाऊन ती कधी घटते ते शोधलं. पर्याय एकमेकांशी ताडून पाहणं किचकट असेल, ठरवण्याचं कामच अवघड असेल, किंवा आपल्याला काय हवं हे गिऱ्हाइकालाच ठाऊक नसेल, तेव्हा पर्यायांची गर्दी बाधते. गिऱ्हाईक नुसतं बघायला आलं आहे की घ्यायला, यानेही फरक पडतो.

आपल्याकडे साडीच्या दुकानात गादीवर शंभर साड्या उलगडल्या जातात आणि बाईला त्यातली हवी ती साडी सापडते, कारण काठ, पदर, रंग, पोत सगळं डोळ्यांपुढे असतं आणि हाताला लागतं. आयपॅडच्या काउंटरवर तसं होत नाही. तिथे चारही आयपॅड काचेचे सपाट आयत दिसतात, आणि त्यांच्यातले खरे फरक आत असतात.

किती आत, ते प्रोच्या एका उदाहरणावरून कळेल. २०२४ च्या एम४ प्रोमध्ये २५६ आणि ५१२ जीबीच्या मॉडेलांत प्रोसेसरचे ९ कोअर आणि ८ जीबी मेमरी आहे; १ टीबी आणि २ टीबीच्या मॉडेलांत १० कोअर आणि १६ जीबी. नाव एक, खोका एकसारखा, दुकानातली पाटीही एक. गिऱ्हाइकाला वाटतं आपण फक्त साठवणुकीचं माप निवडतो आहोत. प्रत्यक्षात तो निराळं यंत्र निवडत असतो. २०२५ च्या एम५ प्रोतही हीच विभागणी आहे. फक्त कमी साठवणुकीच्या मॉडेलांची मेमरी १२ जीबी झाली. हे सगळं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, लपवलेलं नसतं. पण जो माणूस ९९,९०० रुपये मोजतो त्याला ते तोंडी सांगितलं जायला हवं.

वजनाचंही तसंच. ११ इंची एअर ४६० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याच आकाराचा प्रो ४४४ ग्रॅमचा आहे. १३ इंचीत प्रो ५.१ मिलिमीटर जाड, एअर ६.१ मिलिमीटर. हलका म्हणून एअर घ्यायला गेलेला माणूस जड यंत्र घेऊन घरी येतो. आणि सगळ्यांत लहान मिनी सगळ्यांत स्वस्त असेल असं वाटतं, तर त्याची किंमत साध्या आयपॅडपेक्षा १५,००० रुपयांनी जास्त.

किमतींची मांडणी मात्र विचारपूर्वक केलेली आहे. २०२५ च्या भारतातल्या किमती एका ओळीत लावून पाहा. साधा १२८ जीबी ३४,९०० रुपयांना. तोच २५६ जीबीचा ४४,९०० ला. मिनी ४९,९०० ला. ११ इंची एअर ५९,९०० ला. त्याचं २५६ जीबीचं मॉडेल ६९,९०० ला. १३ इंची एअर ७९,९०० ला. ११ इंची प्रो ९९,९०० ला. १३ इंची प्रो १,२९,९०० ला. खालच्या पायऱ्या दहा-दहा हजारांच्या आत. पस्तीस हजारांचं बजेट ठरवून आलेला माणूस ‘आता एवढे घालतोच आहोत तर’ म्हणत एकेक पायरी चढतो आणि साठ हजारांवर जाऊन थांबतो. माणसं दोन टोकं टाळून मधलं घेतात, हे इतामार सायमनसन यांनी १९८९ मध्येच दाखवून दिलं होतं. आयपॅडच्या यादीत ती मधली जागा एअरची.

याला अर्थशास्त्रात जुना इतिहास आहे. ज्यूल द्युपी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये लिहून ठेवलं, की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाचे डबे बिनछताचे ठेवतात ते छताचा खर्च वाचवायला नाही; दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. १९९० मध्ये आयबीएमने आपल्या लेझर प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली. यंत्र जवळपास तेच, फक्त मुद्दाम वेग निम्मा केलेला. श्रीमंताकडून जास्त आणि बाकीच्यांकडून कमी घेता यावं म्हणून स्वस्त मालात उणीव ठेवणं, हे त्याचं सूत्र. याला सरसकट वाईट म्हणता येत नाही. त्यामुळेच साधा आयपॅड ३४,९०० ला मिळू शकतो. पण उणीव कुठे ठेवायची याला मर्यादा असावी.

पडद्याचा वेग घ्या. सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा फक्त प्रोला आहे. ७९,९०० रुपयांच्या एअरलाही ६० वरच थांबवलं आहे. २०२३ मध्ये २६,९९९ रुपयांना आलेल्या शाओमी पॅड ६ ला १४४ चा पडदा होता. तेव्हा एअरला तो न देण्यामागे खर्च हे कारण असू शकत नाही. साध्या आयपॅडच्या पडद्यात काच आणि चित्राचा थर यांच्यामध्ये बारीक फट आहे; पेन्सिल टेकवली की टोक आणि रेष यांच्यात अंतर जाणवतं. वाचायला, व्हिडिओ पाहायला काही फरक पडत नाही. चित्र काढणाऱ्याला पडतो.

आणि इथे पेन्सिलीचा विषय येतो. माझ्या मते सगळ्या यादीतला खरा घोळ हाच आहे, म्हणून जरा जवळून पाहू.

पहिली पेन्सिल २०१५ ची. तिच्या मागच्या टोकाला टोपण आहे. ते काढलं की आत लाइटनिंगची छोटी पिन. ती पिन आयपॅडच्या खाचेत घालून पेन्सिल चार्ज करायची. २०१८ मध्ये दुसरी पेन्सिल आली, चुंबकाने आयपॅडच्या कडेला चिकटून तिथेच चार्ज होणारी. २०२३ मध्ये तिसरी, यूएसबी-सी केबलवर चार्ज होणारी आणि स्वस्त. मे २०२४ मध्ये चौथी, पेन्सिल प्रो. त्यानंतर काही काळ चारही एकाच वेळी विक्रीला होत्या आणि दाब ओळखणारी कुठलीही एक पेन्सिल सगळ्या आयपॅडवर चालत नव्हती. दुसरी पेन्सिल हौसेने घेतलेल्या माणसाने नवा प्रो घेतला, तर ती पेन्सिल त्याच्या कामाची उरली नाही.

आता साधा आयपॅड बघा. त्यावर दोनच पेन्सिली चालतात, पहिली आणि तिसरी. तिसरी सोयीची, ७,९०० रुपयांची, पण तिला हाताचा दाब कळत नाही. जोरात टेकवा की हलकेच, त्यामुळे रेषेची जाडी बदलत नाही. दाब कळतो तो पहिल्या, २०१५ च्या पेन्सिलीला. पण आयपॅडला आता यूएसबी-सीची खाच आहे आणि पेन्सिलीची पिन लाइटनिंगची. म्हणून मधे बोटाच्या पेराएवढा अ‍ॅडॉप्टर. टोपण काढायचं, पिन अ‍ॅडॉप्टरमध्ये घालायची, अ‍ॅडॉप्टरच्या दुसऱ्या बाजूला केबल लावायची, केबलचं दुसरं टोक आयपॅडमध्ये. टोपण आणि अ‍ॅडॉप्टर, दोन्ही सहज हरवणाऱ्या वस्तू. चित्रकला शिकणाऱ्या मुलीला कमी पैशांत आयपॅड घेऊन द्यायचा असेल, तर तिच्यापुढे दाब न कळणारी नवी पेन्सिल किंवा दहा वर्षांपूर्वीची जुनी पेन्सिल, असे दोनच मार्ग उरतात. कंपनीने स्वस्त मॉडेलमध्ये कॅमेरा साधा द्यावा, प्रोसेसर जुना द्यावा. हाताचा दाब मात्र देऊ नये, हे मला मान्य नाही. चित्रकलेत तेच तर मूळ साधन आहे.

देवनागरी सुलेखन करणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. आपल्या अक्षराची जाडी-बारीकी दाबापेक्षा तिरक्या कापलेल्या बोरूच्या कोनातून येते. पेन्सिल प्रो बोटांत फिरवली की पडद्यावरचं निबही फिरतं, कारण तिच्यात फिरणं ओळखणारा सेन्सर आहे. बोरूची सवय असलेल्या हाताला हे फार जवळचं वाटेल. पण ११,९०० रुपयांची ही पेन्सिल साध्या आयपॅडवर चालत नाही. मिनी, एअर किंवा प्रोच हवा, आणि तोही २०२४ किंवा त्यानंतरचा. म्हणजे सुलेखनासाठी खर्च ठरतो तो पेन्सिलीवरून, आयपॅड त्यामागून येतो.

ऑक्टोबर २०२२ ते मे २०२४ हा काळ सगळ्यांत गोंधळाचा होता. होम बटण, हेडफोनची खाच आणि लाइटनिंग असलेला नववा आयपॅड, आणि बटण नसलेला, यूएसबी-सीचा दहावा आयपॅड शेजारी शेजारी विकले जात होते. दहाव्याचा पुढचा कॅमेरा आडव्या कडेला होता, ऑनलाइन तासाला बसलेल्या मुलाचा चेहरा सरळ दिसावा अशा जागी. त्याच दिवशी जाहीर झालेल्या, कितीतरी महाग प्रोला मात्र तो जुन्याच जागी होता. २०२३ हे पूर्ण वर्ष एकही नवा आयपॅड न येता गेलं. मे २०२४ मध्ये नववा बंद झाला, दहावा स्वस्त झाला, एअर दोन आकारांत आला, आणि यादी पुष्कळ सुधारली. आजची टीका बरीचशी त्या दीड वर्षाच्या आठवणीवर चालली आहे.

इतर कंपन्यांकडे पाहिलं तर अ‍ॅपलची यादी आटोपशीर वाटते. सॅमसंगकडे गॅलेक्सी टॅबच्या एस आणि ए अशा मालिका, त्यांत प्लस, अल्ट्रा, एफई, लाइट अशी पोटनावं. २०२४ च्या एस१० मालिकेतून कंपनीने लहान आकार वगळला. २०२५ च्या एस११ मालिकेत लहान परत आणला आणि मधला वगळला. मागच्या वर्षी मित्राने घेतलेल्या आकाराचा यंदाचा टॅब शोधणाऱ्याची यात पंचाईत होते. पण एका बाबतीत सॅमसंगने अ‍ॅपलला मागे टाकलं आहे: एस मालिकेत दाब ओळखणारा एस पेन खोक्यातच मिळतो. प्रकार कितीही असोत, पेनाचा प्रश्नच उरत नाही.

आयपॅडच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर. पूर्वी एकाहून अधिक अ‍ॅप खिडक्यांत मांडण्याची सोय महागड्या मॉडेलांपुरती होती. २०२५ च्या आयपॅडओएस २६ ने ती साध्या आयपॅडलाही दिली. बाहेरच्या मॉनिटरवर काम पसरायचं असेल तरच एम मालिकेचा प्रोसेसर लागतो. मराठी कीबोर्ड तर चारही आयपॅडवर तोच. ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय साध्या आयपॅडवर नाही, आणि वरचं मॉडेल घ्या म्हणताना हे कारण पुढे केलं जातं. मराठी माणसाने इथे थांबून विचार करावा. २०२५ अखेर त्या सोयीला मराठी येत नव्हती, किंबहुना कुठलीच भारतीय भाषा येत नव्हती. इंग्रजीत काम नसेल तर त्यासाठी पंचवीस हजार जादा घालण्यात अर्थ नाही.

टिकाऊपणाकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आयपॅडला आयपॅडओएस २६ मिळालं नाही. २०१८ च्या ११ इंची प्रोला मिळालं. नंतर घेतलेला आधी बाद झाला, कारण त्यात २०१६ च्या आयफोन ७ मधला प्रोसेसर होता. स्वस्त मॉडेल जुन्या प्रोसेसरवर काढलं जातं, म्हणून विकत घेतानाच त्याच्या आयुष्यातली काही वर्षं सरलेली असतात. दुकानातल्या पाटीवर ही वर्षं लिहिलेली नसतात. ती लिहिली तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आपल्या राज्यात अ‍ॅपलचं स्वतःचं पहिलं दुकान एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं आणि दुसरं सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला. तिथे चारही आयपॅड हाताळता येतात, पेन्सिल टेकवून पाहता येते. ही सोय छोटी नाही. बाकी जिल्ह्यांत गिऱ्हाइकाला ऑनलाइन चित्रावरून किंवा दुकानात असेल त्यावरून ठरवावं लागतं, आणि १६० प्रकारांचा त्याला काही उपयोग नसतो.

दुसरीकडे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या हाती पहिला टॅब आला तो निवड न करताच. जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना नागपूरची महाज्योती संस्था मोफत टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देते. तिथे रंग विचारत नाहीत, माप विचारत नाहीत. टॅब चालतो का, डेटा येतो का आणि शिकवणारा समजावून सांगतो का, एवढंच त्या मुलांसाठी महत्त्वाचं. आयपॅडच्या चर्चेत हे सांगायचं कारण असं, की अभ्यासासाठी टॅब घेणाऱ्या घरालाही शेवटी हेच तीन प्रश्न पुरतात.

मग निवड जास्त आहे का? आयपॅडची चार नावं जास्त नाहीत. रंग आणि साठवणुकीची मापंही बाधत नाहीत, कारण ती समजतात. जास्त आहेत त्या पेन्सिली. आणि एका नावाखाली दोन वेगळी यंत्रं विकणं चूक आहे. दाब ओळखणारी, सगळ्या आयपॅडवर चालणारी एकच पेन्सिल कंपनीने काढावी, साध्या आयपॅडच्या पडद्यातली फट बुजवावी, आणि किती वर्षं नवं सॉफ्टवेअर मिळेल ते खोक्यावर छापावं. एवढं केलं तर १६० चे २०० प्रकार झाले तरी कोणाची तक्रार राहणार नाही.

घ्यायला निघालेल्यांनी क्रम उलटा करावा: आधी काम, मग पेन्सिल, मग आयपॅड, आणि कीबोर्ड सगळ्यांत शेवटी. वाचन, अभ्यास, व्हिडिओ, टिपणं एवढंच असेल तर ३४,९०० चा साधा आयपॅड आणि स्वस्त पेन्सिल घ्या, आणि वरच्या पायरीकडे पाहू नका. चित्रकला, सुलेखन किंवा वास्तुरचना असेल तर ११ इंची एअर आणि पेन्सिल प्रो, २०२५ च्या किमतींत मिळून ७१,८०० रुपये. त्याखाली उतरू नका. मिनी हवा असणाऱ्याला आपल्याला मिनी हवा हे आधीच ठाऊक असतं. आणि प्रो कशासाठी घेतो आहोत हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तो घेऊ नका.